बाईंचं कार्ड आणि गाईची धार

माझं शिक्षण चौथी. म्हणजे लोकांना मी तसं सांगतो. खरं म्हणजे चौथीच्या वर्गात पावसाळाभर बसलो, मग दिवाळीची सुट्टी लागली, ती अजून संपलेली नाही.

पण तोरा मात्र मॅट्रिकचा. गावात कुणी कागद पुढं केला की मी छातीचा खिसा चाचपतो, मग बाजूचा चाचपतो आणि म्हणतो, "आयला, चष्मा घरी राहिला." चष्मा घरी राहून राहून त्याची काच अजून नवी कोरी आहे. वाचता मला येतं, नाही असं नाही. पण अक्षराखाली बोट ठेवून, ओठ हलवत. जोडाक्षर आलं की गाडी चिखलात. असलं वाचन चारचौघांत कोण करील?

दुसरा गुण हट्टाचा. एकदा इंदापूरच्या स्टँडवर कंडक्टर म्हणाला, "ए म्हाताऱ्या, सरक की आत." मी सरकलो नाही, खाली उतरलो. तिकीट काढलेलं होतं तरी उतरलो आणि निमगाव केतकीपर्यंत चालत आलो. घरी पोचलो तेव्हा तळपायाला फोड. बायकोनं कोमट पाणी आणून ठेवलं आणि विचारलं, "मंग कंडक्टरला काय झालं?" कंडक्टरला काय होणार! तो बारामतीला पोचून जेवूनसुद्धा झाला असेल.

असा मी. आणि अशा माणसाला एका शाळामास्तरणीनं पोस्टाच्या एका कार्डावर कसं आडवं केलं, ते सांगायचं आहे.

आमचं घर निमगावच्या शिवारात. थोडा ऊस आहे आणि दावणीला विलायती जातीची एक एचएफ गाय. पोरगा लोणी देवकरला कंपनीत कामाला जातो, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. बायकोचे गुडघे गेलेत, ती खाली बसली तर उठवायला दोघं लागतात. त्यामुळं गाय सगळी सूनबाईच्या हातात. आणि ही गाय भारी नखऱ्याची. सूनबाईशिवाय दुसरं कुणी कासेला बसलं की पान्हा चोरते, वर लाथ मारते. पोरानं एकदा लाथ खाल्ली, तेव्हापासून तो गाईला लांबूनच नमस्कार करतो.

सूनबाईचं माहेर बारामतीजवळचं. नववी झाली आणि घरच्यांनी तिला घरी बसवली. पुढं काही वर्षांनी लग्न होऊन आमच्याकडं आली. आता तिची मुलगी शाळेत जाते. तर ही दर रविवारी दुपारी साडी बदलून कुठंतरी जायची. मला वाटलं, भिशी असेल. ती जायची गावच्या हायस्कुलात. तिथल्या एक बाई शाळा सुटलेल्या बायकांना गोळा करून बाहेरून दहावीला बसवतात. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याच्या नावावर घर आहे तेवढा मीच भिशीत.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी जेवताना तिनं सांगितलं.

"मामा, पुढच्या महिन्यात माझी परीक्षा हाय. दाखला माहेरच्या शाळंतला, म्हणून सेंटर बारामतीला आलंय. पेपर संपेस्तवर आईकडं ऱ्हावं लागंल."

"कुणाची परीक्षा?"

"माझी. धाव्वीची."

मी घास खाली ठेवला. "आन् गाईची धार कोन काढनार?"

पोरगा ताटात बघायला लागला. बायको म्हणाली, "हुईल कायतरी."

"काय हुईल? गाय काय हुईल म्हनून दूध देती व्हय? न्हाय म्हंजे न्हाय. धाव्वी काय पळून चाललीया?"

सूनबाईनं ताटं उचलून नेली. दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यात गेली, रोजच्यासारखी धार काढली. पण रोज ती गाईशी बोलायची. कालची भाजी खारट झाली, नातीला ताप आहे, असलं सगळं गाईला सांगायची. त्या दिवशी बोलली नाही. मला ते कळलं, पण 'न्हाय' बोलून झालं होतं. बोललेलं मागं घ्यायची माझ्यात सोयच नाही, देवानंच बसवलेली नाही.

आता बाईंची एक तऱ्हा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. परीक्षेच्या आधी त्या प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या हातानं कार्ड लिहितात. वर्गात देत नाहीत, पोस्टात टाकतात. ज्याचं त्याच्या घरी आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आणि जे अजून झालेलं नाही ते झालं आहे असं धरून लिहितात. आमच्या शेजाऱ्याचा नातू दिवसरात्र मोबाईलमध्ये डोकं घालून असायचा. त्याला कार्ड आलं, 'मोबाईल बाजूला ठेवून तू अभ्यासाला बसतोस हे ऐकून समाधान वाटलं.' पोरगं चार दिवस घरच्यांना विचारत होतं, बाईंना हे सांगितलं कुणी? आणि मग लाजंकाजं खरंच बसायला लागलं. त्या वेळी मी फार हसलो होतो. म्हटलं, काय बावळट पोरगं आहे, कुणी लिहिलं म्हणून कुणी तसं वागतं का!

पुढच्या आठवड्यात मी चौकात टपरीवर चहा पीत बसलो होतो. पोस्टमन आला आणि म्हणाला, "आबा, तुमच्या सूनबाईंचं कार्ड. देऊ का घरी टाकू?"

मी हात पुढं केला, दुसऱ्या हातानं खिसा चाचपला. "आयला, चष्मा—"

"घरी राहिला," बाकावर बसलेल्या त्याच शेजाऱ्यानं माझं वाक्य पुरं केलं आणि कार्ड घेतलं. हा शेजारी वालचंदनगरला कंपनीत आयुष्य काढून रिटायर झालेला. कंपनीच्या क्वार्टरात राहिल्यामुळं बोलणं शुद्ध आणि मशीनच्या आवाजावर बोलायची सवय लागल्यामुळं गळा भोंग्यासारखा. तो उभा राहून वाचायला लागला. सुरुवातीला आशीर्वाद, मग गणिताची भीती आता कशी लांब गेली आहे वगैरे. आणि मग आलं ते.

"'परीक्षेच्या दिवसांत गाईची धार मी काढीन, तू निश्चिंत मनानं जा, असं तुझ्या सासऱ्यांनी तुला सांगितल्याचं कळलं. फार आनंद झाला. या वयात एवढ्या मोठ्या मनाचा माणूस मी तरी पाहिलेला नाही. त्यांना माझा नमस्कार सांग.'"

चहावाला गाळणी हातात धरून उभा.

"आबा, तुम्ही?" शेजारी म्हणाला. "धार?"

हितं मी खरं बोलायला पाहिजे होतं. 'मी असं काही म्हणलो न्हाय', एवढंच. तोंडही उघडलं होतं. पण सगळी माणसं माझ्याकडं बघत होती आणि त्यातला एक तर कडेला सरकून मला बाकावर जागा करून देत होता. माझ्या तोंडातून निघालं ते असं:

"त्यात काय येवढं! पोरगी शिकतीया, तर म्हनलं शिकू दे."

चहावाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. मी कार्ड खिशात घालून ताठ मानेनं उठलो, चौक ओलांडला आणि कॅनॉलच्या पुलावर आल्यावर घाम फुटला.

घरी गेलोच नाही, थेट हायस्कुलात गेलो. बाई स्टाफरूममध्ये एकट्या पेपर तपासत होत्या. बारक्या चणीच्या, केस पिकायला लागलेल्या. मला बघून उभ्या राहिल्या. "या आबा, बसा."

मी बसलो नाही. "बाई, तुमी ह्ये काय लिवलं? मी असं कवा म्हनलो?"

"नाही म्हणालात?"

"न्हाय!"

"अगंबाई. मग माझी चूकच झाली." त्यांनी ड्रॉवर उघडला, एक कोरं कार्ड काढलं, पेनाचं टोपण काढलं. "चूक झाली तर दुरुस्त करायला पाहिजे. दुसरं कार्ड टाकते आजच. सांगा आबा, काय लिहू?"

"लिवा की..." मी म्हणालो.

"हं. 'तुझ्या सासऱ्यांनी असं काही म्हटलेलं नाही.' बरोबर? पुढं? कारण लिहायचं का? 'गाईमुळं त्यांनी तुला परीक्षेला पाठवायचं नाही असं ठरवलं आहे'?"

त्या सरळ चेहऱ्यानं विचारत होत्या. पेन कार्डावर टेकलेलं. माझ्या डोळ्यांपुढं पोस्टमन आला, टपरी आली, शेजारी उभा राहून भोंग्याच्या आवाजात वाचतोय ते आलं. आणि फुकट प्यालेला तो चहा आला.

"राहू द्या," मी म्हणालो. "कशाला उगं कार्ड वाया घालवताय."

"नाही कसं? खोटं कसं राहू द्यायचं?"

"राहू द्या म्हनतो ना, बाई!"

त्यांनी टोपण लावलं. "चहा घेणार का आबा?"

"आत्ताच झालाय," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात महाग चहा होता तो.

घरी आलो. सूनबाई गाईपुढं चाऱ्याची कुट्टी टाकत होती. मी कार्ड तिच्यापुढं धरलं. "ह्ये आलंय तुजं."

तिनं वाचलं. परत वाचलं. तोंड उतरलं तिचं. "मामा, म्या बाईंस्नी असं काय सांगितलं न्हाय. म्या फकस्त म्हनलं, गाईमुळं जमंल असं वाटत न्हाय."

"मला ठाव हाय."

"मंग?"

"मंग काय मंग! बॅग भर."

ती गाईकडं वळली आणि कायतरी पुटपुटली. काय ते मला ऐकू आलं नाही, पण गाईनं कान हलवला.

बोलणं सोपं होतं. जायच्या आदल्या दिवशी तालीम घेतली. मी कासेला बसलो, सूनबाई शेजारी उभी. गाईनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. कंडक्टरनं बघितलं होतं तसंच. आणि बादली लाथेनं उडवली.

"मामा, तिला माज्या कापडाचा वास लागतो," सूनबाई म्हणाली. धार काढताना ती साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट घालते आणि डोक्याला स्कार्फ गुंडाळते. तो शर्ट मी चढवला. गाईनं हुंगला, थोडी शांत झाली. पण पान्हा नाही. स्कार्फ बांधला. तरी नाही.

बायको दारात खुर्ची टाकून बसली होती. ती म्हणाली, "आवं, बांगड्या वाजल्याबिगर ती सोडत न्हाय. मला ठाव हाय."

"मी बांगड्या भरू व्हय?"

"भरू नका. सून परीक्षा देनार न्हाय म्हनून कार्ड टाकाय सांगा बाईंस्नी."

माझं मनगट कुदळीच्या दांड्यासारखं. बांगडी चढेना. शेवटी बायकोनं सूनबाईच्या जुन्या काचेच्या बांगड्या सुतळीत ओवल्या आणि माझ्या मनगटाला बांधल्या. मी बसलो, हात हलवला, बांगड्या वाजल्या, आणि गाईनं डोळे मिटून पान्हा सोडला. माझ्या पांढऱ्या मिशा स्कार्फातून बाहेर, हातात बांगड्या, आणि बादलीत धार पडायचा आवाज. ज्या माणसाला नुसतं 'म्हाताऱ्या' म्हटलेलं सोसलं नव्हतं, तो हा.

दुसऱ्या दिवशी सूनबाई एसटीनं बारामतीला गेली. मी गोठ्याचं दार आतून लावून धार काढायला लागलो. घरच्यांना ताकीद दिली, ह्यातला एक शब्द बाहेर गेला तर खबरदार. सूनबाई रोज सांजच्याला फोन करून पहिल्यांदा गाईचं विचारायची. मी सांगायचो, "झक्कास." खरं तर दूध निम्म्यावर आलं होतं. डेअरीवाला किटलीत डोकावून म्हणायचा, "आबा, गाय आजारी हाय का?" मी म्हणायचो, "उन्हाळा." त्या सालच्या मार्चला मी फार शिव्या दिल्या.

मराठी, इंग्रजी पार पडलं. गणिताच्या आदल्या दिवशी फोन दुपारीच आला. सूनबाईचा आवाज बसलेला.

"मामा, खरं सांगा, गाय देती का?"

"देती की."

"आईंनी सांगितलं, दूध लय कमी झालंय."

मी बायकोकडं बघितलं. ती छताकडं बघत होती.

"मी येते," सूनबाई म्हणाली. "उद्या सकाळच्या गाडीनं येते. गायीचं हाल नगोत. आन् गनित तसंबी माज्याच्यानं व्हायचं न्हाय, मामा. रात्री सगळं इसरल्यागत झालं. बाईंनी उगंच लिवलं, भीती गेली म्हनून. गेली न्हाय."

गणितातलं मला काय कळतं? माझं गणित दिवाळीच्या सुट्टीत राहिलेलं. बाईंसारखं चार ओळी लिहून कुणाचं मन उभं करायचं, ती विद्या माझ्याकडं नाही.

"आलीस तर याद राख," मी एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला. ठेवल्यावर कळलं, ती येणार. गाईचं खरं काय ते तिनं डोळ्यानं बघितलं नाही तर ती येणार.

पोरगा त्या दिवशी घरी होता. धारेची वेळ झाली तसा मी त्याला हाक मारली. "त्यो तुजा मोबाईल घिऊन गोठ्यात ये. त्यात माणूस दिसतो तसला फोन लाव तिला."

"आबा, तुमी असं? ह्या अवतारात?"

"लाव म्हनतो ना!"

त्यानं लावला. मी शर्टात, स्कार्फात, हातात सुतळीच्या बांगड्या. फोनच्या काचेत सूनबाईचं तोंड आलं. डोळे रडून लाल, मागं तिची आई. मी मनगट हलवलं. बांगड्या वाजल्या. गाईनं मान खाली घातली आणि बादलीत धार लागली.

पलीकडून आधी तिच्या आईचा आवाज आला, "अगं बया, व्याही!" असा. मग सूनबाई हसायला लागली. हसताना पदर तोंडात धरला, तो सुटला, परत धरला. तिला बोलताच येईना.

"बघितलीस गाय?" मी म्हणालो. "देती का न्हाय? आता मी हितं ह्ये घालून बसलोय, आन् तू गनिताला भितीस व्हय गं?"

"न्हाय मामा," ती म्हणाली. कसंबसं म्हणाली.

पोरानं फोन बंद केला. तेवढ्यात मागून आवाज आला, "वा, आबा, वा!" गोठ्याचं दार लावायचं राहिलं होतं. शेजारी दूध न्यायला तांब्या घेऊन उभा. तो किती वेळ उभा होता ते त्यालाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी टपरीवर मी गेलो तर सगळे जण मनगटं हलवत होते.

तिनं गणिताचा पेपर दिला. सगळेच दिले. शेवटचा पेपर झाल्यावर घरी आली, बॅग ठेवली आणि पहिली गोठ्यात गेली. शर्ट घातला, स्कार्फ बांधला, स्वतःच्या हातातल्या खऱ्या बांगड्या वाजवल्या. गाईनं तो शर्ट हुंगला, तिच्याकडं बघितलं आणि माझ्याकडं मान वळवली. पान्हा नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेही तेच. त्या शर्टाला आता माझा वास लागला होता, आणि सुतळीच्या बांगड्यांचा आवाज म्हणे वेगळा येतो. शेवटी मी बसलो तर बादली भरली.

"मामा, गाय आता तुमचीच झाली," सूनबाई म्हणाली.

पहिल्यांदा छाती फुगली. म्हटलं, जनावराला माणसाची पारख असते. मग डोक्यात प्रकाश पडला की हे आता रोजचं, पहाटे आणि सांजच्याला, गाय परत सूनबाईला पान्हा सोडेपर्यंत.

निकाल लागला. सूनबाई पास झाली. गणितात काठावर, पण काठ ओलांडून पलीकडं. पेढे मीच वाटले, टपरीवर आधी.

आणि मग तिथंच पोस्टमन आला. "आबा, कार्ड. ह्या खेपेला तुमच्या नावाचं."

माझ्या नावानं आजवर आली ती कारखान्याच्या सभेची पत्रकं आणि पाटबंधाऱ्याच्या नोटिसा. शेजाऱ्यानं सवयीनं हात पुढं केला. मी कार्ड दिलं नाही. खिशात हात घातला आणि चष्मा काढला.

"अरेच्चा," शेजारी म्हणाला. "आज चष्मा बरोबर आहे?"

"गप बस की जरा."

मी अक्षराखाली बोट ठेवलं. ओठ हलवत, मोठ्यानं वाचायला लागलो. 'आबा, सप्रेम नमस्कार' एवढ्यातच दम लागला. टपरीवर कुणी हसलं नाही. हसले असतील तर मी वर बघितलं नाही. सुनेच्या यशात तुमचा वाटा वगैरे वगैरे होतं, ते मी दोनदा वाचलं, एकदा अडखळलो म्हणून आणि एकदा उगाच. मग खालची ओळ आली. ती मी आधी मनात वाचली आणि बोट तिथंच थांबलं.

'सूनबाईंना अकरावीला घालायचं तुम्ही ठरवलं आहे, हे ऐकून मला आश्चर्य वाटलं नाही.'

मी कुठं ठरवलं होतं? कुणाला बोललो होतो? अकरावी, बारावी, म्हणजे आणखी दोन सालं तो शर्ट, त्या बांगड्या. ही बाई मला सोडणार नाही.

"काय झालं?" शेजारी म्हणाला. "जोडाक्षर लागलं का? आण इकडं."

कार्ड खिशात घातलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. पोस्टमन गेला होता. ती ओळ या जगात बाई सोडल्या तर फक्त मला ठाऊक होती.

मी चष्मा वर सारला, बोट ओळीच्या सुरुवातीला नेलं आणि शेजाऱ्यापेक्षा मोठ्या आवाजात वाचलं.